कोळसा कुणाला द्यायचा?

भर समुद्रात इंधन संपलेले जहाज म्हणजे नुसता लोखंडाचा सांगाडा. म्हणूनच ज्याच्या हातात कोळसा, त्याच्या हातात समुद्र, असा एक काळ होता. तंजावरच्या किनाऱ्यापासून गोव्याच्या मुरगाव बंदरापर्यंत त्या काळाच्या खुणा सापडतात.

तंजावरहून पट्टुकोट्टईच्या रस्त्याला लागले की तेवीस-चोवीस किलोमीटरवर ओरत्तनाडु लागते. भाताची खाचरे, नारळीची झाडे, गजबजलेला बाजार. कावेरीच्या पाण्यावर पोसलेल्या कुठल्याही गावासारखे हे गाव. पण मराठी माणसाने इथे थांबावे असे एक कारण आहे. तंजावरचे सरफोजीराजे (दुसरे) यांनी १९व्या शतकाच्या अगदी सुरुवातीला या गावी एक मोठे छत्र बांधले. छत्र म्हणजे आपल्याकडची धर्मशाळा आणि अन्नछत्र दोन्ही. राजांची प्रिय सखी मुक्ताम्बाळ हिच्या नावाने ते ओळखले जाते. ती तरुणपणीच गेली आणि आपल्या नावाने अन्नदान व्हावे अशी तिची शेवटची इच्छा होती, असे सांगतात. रामेश्वरला पायी निघालेल्या यात्रेकरूला इथे जेवण मिळे, अंग टाकायला जागा मिळे. तंजावरच्या मराठी राजांनी या वाटेवर अशी अनेक छत्रे उभारली होती. कुणी कुठून आला, कुठे चालला, याची चौकशी न करता पान वाढायचे, ही छत्राची रीत.

याच रस्त्याने पट्टुकोट्टई ओलांडून समुद्रावर गेले, की मल्लिपट्टिनमजवळ याच सरफोजीराजांनी बांधलेला ‘मनोरा’ दिसतो. षट्कोनी, आठ मजली. नेपोलियनचा पाडाव झाला म्हणून इंग्रजांचे मित्र आणि दोस्त या नात्याने राजांनी १८१४-१५ च्या सुमारास तो उभारला. त्यावरच्या लेखांत एक लेख मराठीतही आहे. युरोपातल्या लढाईचा आनंद तंजावरच्या वाळूत साजरा करावा लागतो, याला त्या काळी ‘दोस्ती’ म्हणत! १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेलेला होता, राजांकडे किल्ला तेवढा उरला होता. दोस्ताला नाही म्हणायची सोय कुठे होती?

शिडाच्या जहाजांचे ते दिवस होते. वारा फुकट होता आणि तो कुणाच्या मालकीचा नव्हता. पुढे वाफ आली आणि सगळे चित्र पालटले.

अकरा दिवसांची तहान

मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मार्च १८३० मध्ये मुंबईहून सुएझकडे निघाली. तिच्या कोठारात जेमतेम साडेपाच दिवसांचा कोळसा मावे आणि एडन तर अकरा दिवसांच्या अंतरावर. मग डेकवर कोळसा, दिवाणखान्यात कोळसा, मिळेल त्या कोपऱ्यात कोळसा रचून बोट निघाली. एडनला पोहोचली तेव्हा फक्त सहा तासांचा कोळसा शिल्लक होता म्हणतात. नऊ वर्षांनी, १८३९ मध्ये, इंग्रजांनी एडन जिंकूनच घेतले. कोळशाची वखार हे त्यामागचे एक मोठे कारण. १९३२ पर्यंत हे एडन मुंबई इलाख्यात मोडत होते, हे आज फारसे कुणाला आठवत नाही.

जहाजावरच्या कोळशाच्या कोठाराला ‘बंकर’ म्हणतात. कोळसा गेला, तेल आले, तरी जहाजात इंधन भरण्याला आजही बंदरात ‘बंकरिंग’च म्हणतात. साधी मालवाहू आगबोट दिवसाला वीस-पंचवीस टन कोळसा सहज खाई. त्यामुळे दर काही दिवसांनी तिला कुठे तरी थांबावेच लागे. जिब्राल्टर, माल्टा, पोर्ट सैद, एडन, मुंबई, कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग... नकाशावर बोट फिरवत गेले तर ही जगाच्या समुद्रवाटेवरची छत्रेच होती. पण या सगळ्या छत्रांचा मालक एकच होता आणि तो वाढण्याआधी चौकशी करी.

या वखारींमागे घाम गाळणारी माणसे आपलीच होती. कोकणातले खलाशी, गोव्याचे बटलर, पंजाब-सरहद्दीकडचे आणि सिल्हेटचे भट्टीवाले, अशांच्या जोरावर इंग्रजी कंपन्यांच्या आगबोटी चालत. भट्टीत कोळसा टाकणारा तो आगवाला, कोठारातून कोळसा ओढून आणणारा तो कोयलावाला आणि या सगळ्यांवर सारंग. तांबड्या समुद्रात भर उन्हाळ्यात भट्टीपुढे उभे राहणे काय असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

रशियाचे आरमार अडले

कोळसा नाकारला की काय होते, हे जगाने १९०४-०५ साली पाहिले. रशिया आणि जपान यांचे युद्ध जुंपले होते. रशियाने बाल्टिक समुद्रातले आपले आरमार ॲडमिरल रोझेस्तवेन्स्की यांच्या हाताखाली जपानकडे रवाना केले. अर्ध्या जगाला वळसा घालून सुमारे १८,००० सागरी मैल जायचे होते. वाटेतल्या बहुतेक वखारी इंग्रजांच्या आणि इंग्रजांचा १९०२ पासून जपानशी दोस्तीचा तह झालेला. त्यामुळे रशियाला तिथे कोळशाचा खडाही मिळणार नव्हता.

मग रशियाने हॅम्बुर्ग-अमेरिका या जर्मन कंपनीच्या कोळसावाहू बोटींचा ताफाच भाड्याने घेतला. बंदरात शिरायची चोरी, म्हणून उघड्या समुद्रात नाहीतर आडबाजूच्या खाडीत कोळसा चढवायचा. पुढचा कोळसा मिळेल की नाही याचा भरवसा नाही, म्हणून अधिकाऱ्यांच्या खोल्यांतून, तोफांभोवती, जिन्याखाली पोती रचायची. महिनोन्महिने खलाशी कोळशाच्या धुळीतच जेवले आणि झोपले. मादागास्करला हे आरमार दोन महिन्यांहून अधिक काळ रेंगाळले. एप्रिल १९०५ मध्ये ते सिंगापूरसमोरून गेले तेव्हा किनाऱ्यावर बघ्यांची गर्दी उसळली होती. पुढे व्हिएतनामच्या कामरान उपसागरात ते थांबले तर जपानने फ्रान्सकडे तक्रार केली. अखेर दमलेले, शेवाळलेले, कोळशाने जड झालेले ते आरमार २७ आणि २८ मे रोजी त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत जपानने बुडवले. आशियाई राष्ट्राच्या या विजयाने आपल्याकडेही केवढा तरी उत्साह संचारला होता. त्या विजयात जपानी तोफांचा वाटा मोठाच होता, पण न मिळालेल्या कोळशाचा वाटाही लहान नव्हता.

या अनुभवानंतर १९०७ मध्ये हेग येथे राष्ट्रांनी नियम लिहून काढले. युद्ध करणाऱ्या देशाची लढाऊ नौका तटस्थ बंदरात आली, तर तिला मायदेशाच्या जवळच्या बंदरापर्यंत पोहोचेल एवढेच इंधन द्यावे. आणि एकदा दिले की त्याच देशाच्या बंदरात पुढचे तीन महिने पुन्हा देऊ नये. नियम वाचायला अगदी सरळ आहे. पण तो तटस्थांनी लढणाऱ्यांना काय द्यावे याचा आहे. लढणाऱ्याने तटस्थांना काय द्यावे, यावर मात्र कुणाचे बंधन नव्हते, आणि खरी मेख तिथेच होती.

एम्डन आणि काळा धूर

पहिले महायुद्ध पेटले आणि १९१४ च्या सप्टेंबरात ‘एम्डन’ ही जर्मन युद्धनौका बंगालच्या उपसागरात शिरली. कप्तान कार्ल फॉन म्युलर. जवळपासचे एकही बंदर तिला आसरा देणार नव्हते. तेव्हा तिने एकच धंदा आरंभला: दुसऱ्याच्या बोटी पकडायच्या आणि त्यांचा कोळसा घ्यायचा. १० सप्टेंबरला तिच्या हाती ‘पोन्टोपोरोस’ ही ग्रीक बोट लागली. ग्रीस तेव्हा तटस्थ होता, पण बोटीत इंग्रजांसाठी चाललेला सुमारे ६,५०० टन हिंदुस्थानी कोळसा होता. म्युलरने बोट सोबत घेतली. मात्र या कोळशाने जर्मन खलाशी वैतागले. तो राख फार करी आणि धूर असा काळाकुट्ट सोडी, की दुरूनच जहाजाचा पत्ता लागावा. पुढे सप्टेंबरअखेरीस ‘ब्युरेस्क’ ही इंग्रजी बोट सापडली. तिच्यात इंग्रजी आरमारासाठी निघालेला साडेसहा हजार टन अस्सल वेल्श कोळसा होता. जर्मनांना दिवाळीच झाली!

मधल्या काळात २२ सप्टेंबरच्या रात्री एम्डनने मद्रासवर तोफा डागल्या. नेम धरला होता बर्मा ऑइल कंपनीच्या तेलाच्या टाक्यांवर. म्हणजे पुन्हा इंधनच. सुमारे १३० गोळे सुटले, टाक्या पेटल्या, काही माणसे मेली. दुसऱ्या दिवसापासून मद्रासकर जमेल त्या वाहनाने शहर सोडू लागले. एम्डन तोवर दक्षिणेकडे वळून पाँडिचेरीवरून सिलोनच्या दिशेने निघून गेली होती. तंजावर जिल्ह्याचा किनाराही त्याच बाजूचा. तिथल्या लोकांच्या मनात या जहाजाने असे घर केले, की तमिळमध्ये ‘एम्डन’ हा शब्दच होऊन बसला. महा बिलंदर, कुणाच्या हाती न लागणारा माणूस म्हणजे एम्डन. २००६ सालच्या एका तमिळ चित्रपटाचे नाव आधी ‘एम्डन मगन’, म्हणजे एम्डनचा पोरगा, असेच ठेवले होते. शंभर वर्षे टिकलेली अशी कीर्ती इंग्रजांच्या एकाही जहाजाला या किनाऱ्यावर लाभली नाही.

ऑक्टोबरात एम्डन दिएगो गार्सिया बेटावर गेली. तिथल्या लोकांना युद्ध सुरू झाल्याचा पत्ताच नव्हता! त्यांनी पाहुण्यांना मासे दिले, जर्मनांनी त्यांची बिघडलेली मोटरबोट दुरुस्त करून दिली आणि निवांतपणे कोळसा भरून घेतला. एवढे निर्मळ बंकरिंग त्या युद्धात दुसरे झाले नसेल.

शेवटही कोळशापायीच व्हावा हा योगायोग. ९ नोव्हेंबर १९१४ रोजी कोकोस बेटांवर एम्डनने तारायंत्राचे केंद्र मोडण्यासाठी माणसे उतरवली. क्षितिजावर धूर दिसला तेव्हा ती ब्युरेस्कच असावी, आपला कोळसा आला, असे आधी वाटले. तो धूर ‘सिडनी’ या ऑस्ट्रेलियन युद्धनौकेचा होता. एम्डनवरचे सव्वाशेहून अधिक खलाशी त्या दिवशी मेले.

आधी सही, मग कोळसा

एम्डनसारख्या शत्रूला कोळसा न देणे सोपे होते. खरा प्रश्न तटस्थांचा होता. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, हॉलंड, ग्रीस यांच्या शेकडो बोटी जगभर माल वाहत होत्या. त्या शत्रूला माल पोहोचवत नाहीत कशावरून? प्रत्येक बोट भर समुद्रात अडवून तपासणे कठीण. इंग्रजांनी १९१५ पासून त्यावर उपाय काढला. बोट कधी ना कधी कोळशाला येणारच. तेव्हा वखारीच्या दारातच विचारायचे.

कोळशासाठी परवाना लागू लागला. परवाना हवा तर जहाजमालकाने लिहून द्यायचे: शत्रूचा माल नेणार नाही, शत्रूच्या माणसाला बोट विकणार वा भाड्याने देणार नाही, सांगाल त्या इंग्रजी बंदरात तपासणीला थांबेन. पुढे पुढे तर आमचाही थोडा माल वाहून दे, अशी अट आली. जे मालक ऐकतील त्यांची नावे पांढऱ्या यादीत. जे ऐकणार नाहीत त्यांच्या बोटी बंदरात उभ्या राहून गंजतील. एकही तोफ न उडवता जगातली निम्मीशिम्मी मालवाहतूक अशी लगामात आली.

याला अन्याय म्हणायचे की शहाणपण? इंग्रजांची बाजू अशी, की कोळसा आमचा, तो कुणाला विकावा हे आम्ही ठरवू. यात चूक काढणे अवघड आहे. पण दुकान एकच असेल, तर ‘विकणार नाही’ याचा अर्थ ‘जगू देणार नाही’ असा होतो. १९१६ च्या डिसेंबरात मासे आणि तांब्याच्या खनिजाच्या करारावरून वाद झाला, तेव्हा ब्रिटनने नॉर्वेचा कोळसाच बंद केला. ऐन हिवाळ्यात नॉर्वेची शहरे गारठली आणि फेब्रुवारीपर्यंत सरकारला नमते घ्यावे लागले. तटस्थ राहण्याची किंमत चुलीपर्यंत येऊन पोहोचते ती अशी.

अमेरिकेचे वागणे तर मोठे मौजेचे. तटस्थ होती तोवर तिने इंग्रजांच्या काळ्या याद्यांविरुद्ध कडक खलिते धाडले. १९१७ मध्ये स्वतः युद्धात उतरली आणि इंधनाचे तेच नियम आपल्या बंदरांत लावले. मार्च १९१८ मध्ये तर अमेरिका आणि ब्रिटन यांनी आपापल्या बंदरांत उभ्या असलेल्या डच बोटी सरळ ताब्यातच घेतल्या.

मुरगावचे कैदी

दुसऱ्या महायुद्धात हेच यंत्र पुन्हा चालू झाले, आणखी तेलपाणी होऊन. १९४० च्या उन्हाळ्यात ब्रिटनने जहाजांसाठी अधिकारपत्रे काढली. ते पत्र नसेल तर इंग्रजांच्या ताब्यातल्या कुठल्याही बंदरात इंधन नाही, शिधा नाही, सुकी गोदी नाही, विमासुद्धा नाही.

पण आपल्या दाराशी एक बंदर असे होते, की जिथे इंग्रजांचा हुकूम चालत नव्हता. गोवा पोर्तुगालचा आणि पोर्तुगाल तटस्थ. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध जाहीर होताच ‘एरेनफेल्स’, ‘ब्राउनफेल्स’ आणि ‘ड्राखेनफेल्स’ या तीन जर्मन मालवाहू बोटींनी मुरगावचा आसरा घेतला. इटली युद्धात उतरल्यावर ‘अन्फोरा’ ही इटालियन बोटही तिथेच अडकली. मालवाहू बोटींना तटस्थ बंदरात कितीही दिवस राहता येते. प्रश्न होता बाहेर पडण्याचा. बाहेर इंग्रजांचे आरमार टपलेले आणि पुढे हजारो मैल एकही वखार आपली नाही. साडेतीन वर्षे ही माणसे मुरगावच्या पाण्यात बसून राहिली. परत जायची वाट नाही, हातात पैसा नाही.

एरेनफेल्सवर गुप्त बिनतारी यंत्र असून त्यावरून जर्मन पाणबुड्यांना जहाजांच्या हालचाली कळवल्या जातात, असा इंग्रजांचा संशय होता. पण तटस्थ बंदरावर हल्ला करायचा कसा? मग गणवेशातले सैन्य न धाडता कलकत्त्याच्या ‘लाइट हॉर्स’ या हौशी पलटणीतले प्रौढ सभासद निवडले गेले. दिवसा कचेरीत बसणारे, संध्याकाळी क्लबात रमणारे व्यापारी आणि अधिकारी. ‘फीबी’ नावाची एक गाळ वाहणारी बोजड बोट कलकत्त्याहून समुद्रमार्गे निघाली, बरीचशी मंडळी रेल्वेने कोचीनला जाऊन तिच्यावर चढली. ९ मार्च १९४३ च्या पहाटे ती एरेनफेल्सला भिडली. झटापटीत एरेनफेल्सचा कप्तान मारला गेला. बोट शत्रूच्या हाती पडू नये म्हणून जर्मनांनी ती आपणच बुडवली, आणि ज्वाळा पाहून बाकीच्या तिन्ही बोटींवरही तेच झाले.

इंग्रजांनी कानावर हात ठेवले. पुढे पस्तीस वर्षांनी, १९७८ मध्ये, जेम्स लीझर यांच्या पुस्तकातून ही हकिगत सर्वांपुढे आली आणि १९८० मध्ये तिच्यावर ‘द सी वुल्व्ज’ हा चित्रपट निघाला. ग्रेगरी पेक आणि रॉजर मूर त्यासाठी गोव्यात चित्रीकरण करून गेले. चित्रपट शौर्याचा आहे. पण एका तटस्थ देशाच्या बंदरात रात्रीच्या अंधारात शिरून हे केले गेले, ही गोष्ट पडद्यावर फारशी टोचत नाही.

आता आपण वखारवाले

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न उलटा होऊन आपल्या दारात आला. आता विचारणारे दुसरे आणि देणारे आपण. १९९१ च्या आखाती युद्धात फिलिपिन्सकडून आखाताकडे जाणाऱ्या अमेरिकी लष्करी विमानांना मुंबईसह काही विमानतळांवर इंधन दिले जात असल्याचे उघड झाले. चंद्रशेखर यांचे सरकार होते आणि ते काँग्रेसच्या पाठिंब्यावर टिकून होते. राजीव गांधींनी टीका केली, संसदेबाहेर गदारोळ झाला आणि फेब्रुवारीत हे इंधन बंद करावे लागले. युद्धात नसलेल्या देशाने एका बाजूच्या विमानात पेट्रोल भरले तर तो तटस्थ कसा राहिला, हा सवाल हेगच्या नियमांइतकाच जुना.

तेल एकदा टाकीत पडले की त्याचे पुढे काय होते, हे सांगणे किती अवघड आहे ते जपानने अनुभवले. २००१ पासून जपानी नौदल हिंदी महासागरात दोस्त देशांच्या नौकांना फुकट इंधन देत होते. कायद्याने ते केवळ अफगाणिस्तानच्या मोहिमेसाठी होते. २००३ मध्ये एका अमेरिकी नौकेमार्फत ‘किटी हॉक’ या विमानवाहू जहाजाला २ लाख गॅलन तेल गेल्याचे सरकारने सांगितले होते. २००७ मध्ये कळले की आकडा ८ लाखांचा होता, आणि ते तेल इराकच्या युद्धात खर्ची पडले असा आरोप झाला. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला कायद्याची मुदत संपली, विरोधकांनी वाढवू दिली नाही आणि जपानी नौका घरी परतल्या. २००८ च्या जानेवारीत नवा कायदा करून त्या पुन्हा आल्या. १५ जानेवारी २०१० ला मोहीम कायमची आटोपली. एवढ्याशा इंधनासाठी एका देशाची संसद महिनोन्महिने भांडत होती. आपल्याकडे इतके बारकाईने कोण विचारतो?

भारत आणि अमेरिका यांच्यात एकमेकांच्या नौकांना, विमानांना इंधन-शिधा देण्याच्या कराराची बोलणी दहा वर्षांहून अधिक काळ रेंगाळली होती. ए. के. अँटनी संरक्षणमंत्री असताना त्याला विरोधच होता. करार झाला तो २९ ऑगस्ट २०१६ रोजी, वॉशिंग्टनमध्ये. सही करणारे होते गोव्याचे मनोहर पर्रीकर. मुरगावच्या बंदरापासून काही मैलांवर वाढलेल्या माणसाच्या हातून हा कागद व्हावा, हाही एक योग. करारात तळ देण्याचे कलम नाही. इंधन मागितले की प्रत्येक वेळी स्वतंत्र विचार करायचा, दिले तर पैसे घ्यायचे. मोहीमच पटली नाही तर नकार देण्याची मोकळीक आहे. विरोधकांचे म्हणणे असे, की ही मोकळीक कागदावर आहे. मोठ्या दोस्ताला ऐनवेळी नाही म्हणणे वेगळे. पुढे फ्रान्स, ऑस्ट्रेलिया आणि जपान यांच्याशीही असेच करार झाले.

या कराराचा उपयोग आपल्यालाही होतो. सप्टेंबर २०२० मध्ये उत्तर अरबी समुद्रात गस्तीवर असलेल्या ‘आयएनएस तलवार’ला बंदरात परतावे लागले नाही. अमेरिकेचे ‘युकॉन’ हे तेलवाहू जहाज तिच्या शेजारून त्याच वेगाने धावू लागले, दोन्ही जहाजांत दोर आणि नळी ताणली गेली आणि धावता धावता तेल भरून घेण्यात आले. पैसे नंतर चुकते करायचे होते.